फांदी मोडण्याआधी: दुर्मिळ रानवनस्पती वाचवायला निघालेल्या नवशिक्यांसाठी

पुदिन्याची काडी पाण्याच्या ग्लासात ठेवली की आठवडाभरात तिला पांढरी मुळं फुटतात. पुदिना-तुळशीच्या या कुळातल्या वनस्पती वाचवायला निघालेल्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. रानात एखादी दुर्मिळ, सुवासिक वनस्पती दिसते, चार फांद्या मोडून घरी आणल्या जातात, त्या जगतात, वर्षभरात चाळीस कुंड्या भरतात, आणि प्रजाती वाचवल्याचं समाधान मिळतं. प्रत्यक्षात वाचलेलं असतं एकच झाड, चाळीस वेळा. त्या चाळीसही कुंड्यांमध्ये जनुकं तीच. एक रोग आला तर तो सगळ्यांना सारखाच लागणार.

म्हणून या लेखात कलम करण्याची, म्हणजे फांदी तोडून लावण्याची, पायरी बरीच उशिरा येते. तोवर धीर धरावा लागेल.

आधी खात्री करा: ही तीच वनस्पती आहे का?

तुळशीचं कुळ, म्हणजे लॅमिएसी, फार मोठं आहे. सुमारे 7,000 प्रजाती त्यात मोडतात. तुळस, पुदिना, सब्जा, पाच (पचौली), तुंबा, लॅव्हेंडर, थाइम हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. आधुनिक वर्गीकरणाने तर साग आणि निर्गुडीलाही याच घरात आणून बसवलं आहे. त्यामुळे ‘वास येतो आणि पुदिन्यासारखं दिसतं’ एवढ्यावर ओळख पक्की होत नाही.

कुळाच्या खुणा सोप्या आहेत. खोड बोटांत धरून फिरवलं तर चार कडा लागतात. पानं समोरासमोर येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. फूल गळून गेल्यावर हिरव्या पेल्यात, म्हणजे निदलपुंजात, तळाशी चार बारीक दाणे दिसतात. चारांपैकी एखाददुसरा पोकळ निघतो, पण चारापेक्षा जास्त कधीच नाही. हा चाराचा आकडा लक्षात ठेवा, बी गोळा करताना तो कामाला येईल.

कुळापासून प्रजातीपर्यंत पोचायला मात्र निदलपुंजच बघावा लागतो. नवशिके फुलाच्या रंगावर भाळतात, पण रंग फसवा असतो. निदलपुंजाला दात किती, ते सारखे की वरचा मोठा, आत केसांचं कडं आहे की नाही, पुंकेसर वरच्या ओठाखाली उभे राहतात की तुळशीसारखे खालच्या ओठावर आडवे पडतात, हे पाहायला दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग पुरतं. फोटो काढताना अख्खं झाड, खोड, पानाची पाठ, फूल समोरून आणि बाजूने, आणि सुकलेला निदलपुंज, एवढं तरी टिपा. फक्त फुलाचा देखणा फोटो घेऊन आलेल्या माणसाला कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ हमखास परत पाठवतो.

ओळखीत इतकं काटेकोर का व्हायचं, याचं उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडात मिळतं. तिथे लेक वेल्स रिज नावाच्या जुन्या वाळूच्या उंचवट्यावर डायसेरान्ड्रा नावाची झुडुपं वाढतात. डायसेरान्ड्रा फ्रुटेसेन्स ही एकच प्रजाती समजून लोक तिची नोंद करत होते. 1989 साली तिच्यातून डायसेरान्ड्रा क्रिस्टमानी ही वेगळी प्रजाती काढली गेली. पुंकेसरांचा रंग निराळा, पानांचा वासही निराळा. दोन दुर्मिळ प्रजाती एका नावाखाली मोजल्या जात होत्या, म्हणजे दोघींचीही संख्या कागदावर फुगलेली होती.

पुदिन्याच्या प्रजातीत आणखी एक गुंता आहे. हे लोक आपापसात सहज संकर करतात. बाजारातला पेपरमिंट हाच मुळी दोन पुदिन्यांचा संकर आहे, आणि तो बहुतेक वांझच असतो. तुमची ‘दुर्मिळ’ वनस्पती कुणाच्या बागेतून निसटलेल्या पुदिन्याची पोर तर नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. एवढ्या टप्प्यावर मदत मागण्यात कमीपणा नाही.

आणि हो, नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. सुवासिक आणि औषधी म्हटलं की पुढच्याच आठवड्यात कुणीतरी पोतं घेऊन पोचतं.

दर्जा आणि परवानगी

‘संकटग्रस्त’ हा शब्द आपण सैल वापरतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत त्याला मोजमाप आहे. पुनरुत्पादन करणारी झाडं 50 पेक्षा कमी उरली तर अतिसंकटग्रस्त, 250 पेक्षा कमी तर संकटग्रस्त, 1,000 पेक्षा कमी तर असुरक्षित. हा अनेक निकषांपैकी एक. घट किती वेगाने होते आहे आणि प्रजाती किती चौरस किलोमीटरवर उरली आहे, यावरूनही दर्जा ठरतो. इथे मोजायची ती फुलावर येण्याजोगी झाडं. पावसानंतर उगवलेली हजार रोपं या हिशेबात धरत नाहीत, कारण त्यातली बहुतेक पहिला कोरडा काळ बघतच नाहीत.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. जमीन कुणाची आहे, ती संरक्षित क्षेत्रात येते का, आणि त्या देशाच्या कायद्यात ही प्रजाती नावानिशी संरक्षित आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळेपर्यंत पानालाही हात लावू नका. ब्रिटनमध्ये पेनीरॉयल नावाचा रानपुदिना 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात आहे. तिथे तो उपटणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. बी किंवा कलमं देशाबाहेर जाणार असतील तर नागोया कराराचे, म्हणजे देशोदेशींच्या जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियमही लागतात. चांगल्या मनाने केलेली चोरी ही चोरीच, आणि अशा चोरीच्या बियांना कुठलीही बीजपेढी दारात उभं करत नाही.

वर्षभर फक्त बघा आणि मोजा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच लोक ती गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

एक वही, भिंग, मोजपट्टी आणि एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन एवढं सामान पुरे. जागेवर कायमच्या खुणा करून काही चौकोन ठरवा आणि दर खेपेला तेच मोजा. झाडांचे चार गट करा: कोवळं रोप, न फुललेलं मोठं झाड, फुललेलं झाड, मेलेलं झाड. मेलेलं मोजायला लोक विसरतात, आणि मग संख्या का घटली हे कधीच कळत नाही. प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्याशी क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीत खोचा. पट्टी खोडाला बांधू नका, खोड जाड होतं आणि तार रुतते.

या कुळात मोजणीची एक खास अडचण आहे. जमिनीखालून किंवा जमिनीवरून धावणाऱ्या खोडांनी एकच झाड पसरत जातं. मी सुरुवातीला एका ओलसर उताराच्या कडेला साठ झाडं मोजली होती आणि फार खूश झालो होतो. एका जाणत्या बाईंनी बोटांनी माती बाजूला करून दाखवलं, सगळी एकाच खोडाला जोडलेली होती. साठ शेंडे, झाड एक. वेगळं जगू शकणारा प्रत्येक शेंडा आययूसीएनच्या मोजणीत स्वतंत्र धरता येतो, ते ठीक. पण जनुकांच्या दृष्टीने तो वेगळा नसतो. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा: ‘शेंडे’ आणि ‘वेगळी झाडं (अंदाजे)’. दुसऱ्या रकान्यातला आकडा बघून छातीत धस्स होतं, पण खरा आकडा तोच.

वनस्पती वर्षायू, म्हणजे एका वर्षात उगवून मरणारी, असेल तर उलटी अडचण. एका वर्षी हजारो, पुढच्या वर्षी शून्य. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो थॉर्नमिंटचं असंच असतं. चिकणमातीच्या मोकळ्या तुकड्यांवर उगवणारी ही काटेरी वनस्पती पावसाच्या मर्जीप्रमाणे दिसते आणि दडते. अशा वनस्पतीची एका वर्षाची मोजणी काहीच सांगत नाही. तिची खरी संख्या मातीत पडलेल्या बियांमध्ये असते, आणि ती तुम्हाला दिसत नाही.

मोजून झालं की फुलांसमोर पंधरा मिनिटं शांत बसा. कोण येतं? खालचा ओठ म्हणजे मधमाशीला उतरायचा ओटा. साल्व्हियाच्या अनेक प्रजातींत माशी आत डोकं घालते तेव्हा पुंकेसर तरफेसारखे खाली येऊन तिच्या पाठीवर पराग थापतात. बघायला मिळालं तर सोडू नका. पण पंधरा-पंधरा मिनिटांच्या वीस बैठकींत एकही माशी आली नाही, तर तुमच्या वनस्पतीचं दुखणं बहुधा तिथेच आहे, आणि कितीही कलमं लावली तरी ते बरं होणार नाही.

ती का कमी होते आहे? कुंपणाची घाई नको

नवशिक्याला सुचणारा दुसरा उपाय म्हणजे कुंपण. गुरं आत यायला नकोत, माणसं नकोत, आग नको. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ब्रिटनमधल्या त्या पेनीरॉयलचं काय झालं ते पाहा. हा बुटका पुदिना हंगामी डबक्यांच्या काठी, गुरांनी कुरतडलेल्या आणि खुरांनी तुडवलेल्या जमिनीत वाढतो. गावांच्या कुरणांवरची चराई थांबली, डबकी बुजली, उंच गवत आलं आणि त्याने पेनीरॉयलला झाकून टाकलं. आज तो जिथे चांगला टिकून आहे त्यात दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टचा भाग येतो, कारण तिथे तट्टू आणि गुरं अजून मोकळी चरतात. त्या जागेला कुंपण घातलं असतं तर ते कुंपणच पुदिन्याला घेऊन बुडालं असतं.

डायसेरान्ड्राचं तर आगीवाचून चालत नाही. आग लागली की उभी झुडुपं मरतात. पण मातीत साठलेलं बी त्यानंतरच्या उघड्या, उन्हाच्या वाळूत उगवतं. बरीच वर्षं आग लागली नाही की आजूबाजूची झुडुपं दाटतात, मोकळी वाळू झाकली जाते आणि डायसेरान्ड्राला जागाच उरत नाही. शेजारी घरं झाली की आग कुणालाच नको असते. घरांनी जागा खाल्ली ती वेगळीच. याच डायसेरान्ड्रा फ्रुटेसेन्समध्ये कीटकांचे अभ्यासक थॉमस आयझ्नर आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मुंग्यांना पळवणारं एक तेल दाखवून दिलं होतं. मुंगी पळवायची सोय या झाडाकडे आहे, बुलडोझर पळवायची नाही.

थॉर्नमिंटचा शत्रू तिसराच, बाहेरून आलेलं गवत. ते आधी उगवतं, दाट वाळतं, आणि त्या काडाखाली थॉर्नमिंटचं रोप वर येऊच शकत नाही. तिथे उपाय म्हणजे गुडघे टेकून, योग्य वेळी, हाताने तण काढणं.

तीन बहिणी, तीन दुखणी, तीन औषधं. म्हणून तुमच्या जागेवर शेजारी-शेजारी दोन लहान चौकोन घ्या, एकात काही करा (गवत कापा, किंवा माती थोडी उकरा), दुसऱ्यात काहीच करू नका, आणि पुढच्या हंगामात दोन्हींतली रोपं मोजा. परवानगीत एवढ्या प्रयोगाचा उल्लेख आधीच करून घ्या. हा साधा प्रयोग शंभर मतांपेक्षा भारी असतो.

बी गोळा करणं

आता हात लावायची वेळ. कलमाआधी बी, कारण प्रत्येक बी म्हणजे जनुकांचा नवा डाव, कलम म्हणजे जुन्याच डावाची नक्कल.

मंजिरी सहसा खालून वर पिकते. वर फुलं उमललेली असतात तेव्हा खालच्या पेल्यांतले दाणे गळूनही गेलेले असतात. त्यामुळे ‘पिकलं का’ याला एका दिवसाचं उत्तर नसतं, दर चार-पाच दिवसांनी जावं लागतं. पेला तळहातावर वाकवून हलकेच टिचकी मारा. पिकलेला दाणा गडद आणि कडक असतो, आपोआप सुटून पडतो. ओढावा लागला तर तो कच्चा आहे, राहू द्या.

किती घ्यायचं? त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ही बीजपेढ्यांची नेहमीची मर्यादा. फारच दुर्मिळ प्रजातीला 10 टक्क्यांवरच थांबणं बरं. एकेका फुलाला चारच दाणे, हे आठवा आणि हिशेब करा. जमलं तर किमान 50 वेगवेगळ्या झाडांकडून थोडं थोडं घ्या. एवढी झाडंच नसतील तर जेवढी आहेत त्या सगळ्यांकडून. फक्त ढमढोल, भरघोस झाडांकडून घेण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण किडमिड्या झाडातही उद्याच्या दुष्काळाला लागणारं काहीतरी असू शकतं.

प्रत्येक आईझाडाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात, त्यावर झाडाचा क्रमांक, तारीख आणि जागेचा सांकेतिक क्रमांक, तोही पेन्सिलीने. शाई ओलीने पसरते. प्लास्टिकची पिशवी नको, ताज्या बियांना घाम येतो आणि बुरशी धरते. आणि बी पाण्याने धुऊ नका! सब्जा भिजवल्यावर जे होतं तेच या कुळातल्या पुष्कळ बियांचं होतं: भोवती चिकट बुळबुळीत आवरण फुगतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि सगळा माल वाया. कोरडंच पाखडा, बारीक चाळणीतून गाळा.

वाळवण सावलीत. नंतर पाकिटं हवाबंद बरणीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) घालून ठेवा. मोठ्या बीजपेढ्या 15 अंश सेल्सिअस आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रतेला बी वाळवतात आणि उणे 20 अंशांना साठवतात. ढोबळ नियम असा, की बियांमधला ओलावा 1 टक्क्याने किंवा साठवणीचं तापमान 5 अंशांनी कमी झालं की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तरी तुमचं मुख्य काम साठवणं नसून अर्धा वाटा एखाद्या मान्यताप्राप्त बीजपेढीत पोचवणं हे आहे. घरच्या फ्रिजवर प्रजातीचा भरवसा ठेवू नये.

थोडं बी उगवून बघा. बारीक बी मातीत पुरू नका, वर भुरभुरवा, कारण अनेकांना उगवायला उजेड लागतो. महिनाभरात काही झालं नाही तर बी मेलं असं समजू नका, ते झोपलेलं असू शकतं. काही आठवडे ओल्या थंडीत ठेवणं किंवा जिबरेलिक आम्लाच्या (वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाच्या) पाण्यात भिजवणं, यांनी झोप मोडते. कोणता उपाय कुणाला चालतो हे थोड्या थोड्या बियांवर करून, लिहून ठेवूनच कळतं.

आणि आता, फांदी

कलम कधी करायचं? जागा उद्याच नांगरली जाणार असेल, बी धरतच नसेल, किंवा झाडं इतकी कमी असतील की प्रत्येकाची एक प्रत सुरक्षित ठेवणं भाग असेल, तेव्हा. न फुललेल्या, कोवळ्या पण लवचिक शेंड्याचा बोटभर तुकडा घ्या, पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापा, खालची पानं काढा, वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावा, सावलीत दमट ठेवा. मऊ खोडाच्या जाती लवकर मुळं धरतात, लाकडी बुंध्याच्या खूप वेळ घेतात. एका झाडाचे दोन-तीन शेंडे पुरेत. प्रत्येक झाडागणिक पात्याला स्पिरिट लावून पुसा.

इथे कुळाची आणखी एक लबाडी सांगायलाच हवी. थाइमसारख्या काही जातींत काही झाडांची फुलं उभयलिंगी असतात, तर काही झाडांची निव्वळ मादी, म्हणजे त्यांत परागच नसतात. तुम्ही नेमकी मादी झाडाची फांदी आणली तर तुमच्या पन्नास कुंड्या भरभरून फुलतील आणि बी एकही धरणार नाही. भिंगातून पुंकेसर बघितल्याशिवाय आईची निवड करू नका.

रोपवाटिकेत भाऊबंदांना लांब ठेवा, नाहीतर बियांमध्ये संकर घुसतो. शेजारी बागेतला पुदिना अजिबात नको. पण अतिस्वच्छताही बाधते, याचा धडा हवाईतून आला. हवाईच्या बेटांवरच्या या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींनी आपला वासच सोडून दिला आहे. चरणारे प्राणी नव्हते, मग तिखट तेलं बनवायची कुणासाठी? तिथली फिलोस्टेजिया कालाएन्सिस ही प्रजाती रानातून नाहीशी झाली आणि फक्त हरितगृहात उरली. बुरशीनाशकांच्या जोरावर वाढवलेली ती रोपं बाहेर नेली की भुरी रोगाने मरत. संशोधकांनी रानातल्या तिच्या भाऊबंद प्रजातीच्या पानांवरच्या उपकारक सूक्ष्म बुरश्या या रोपांवर सोडल्या, तेव्हा रोपं भुरीला तोंड देऊ लागली. 2017 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. रोपवाटिकेत मेलं ते फक्त रोगाचं बीज नव्हतं, त्या पानांचे जुने सोबतीही होते.

पुन्हा रानात

मूळ जागेवर झाडं असतील तर बाहेरून आणलेली रोपं त्यांच्यात मिसळण्यापूर्वी जाणकाराला विचारा. नवीन जागा निवडताना माती, ओल, ऊन, शेजारी वाढणाऱ्या जाती आणि परागीभवन करणारे कीटक हे सगळं मूळ जागेशी जुळतं का ते पाहा. आणि सगळ्यात आधी: जे कारण तुम्हाला सापडलं होतं, चराई थांबणं, गवत, आगीचा अभाव, ते इथे नाहीये ना? ते तसंच असेल तर रोपं लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

ओल्या हंगामाच्या सुरुवातीला लावा. दहा आयांची पाच-पाच रोपं ही एका आईच्या पन्नास रोपांपेक्षा कितीतरी चांगली. सगळी एकाच ठिकाणी नकोत. पहिल्या कोरड्या हंगामात पाणी द्यावं लागेल, पण दुसऱ्या वर्षी हात आखडता घ्या. अर्धी मेली तरी खचू नका, तसं होतं. मेलेल्या रोपाची आई कोण होती आणि ते कुठे उभं होतं, हे मात्र वहीत लिहा.

लावलेलं प्रत्येक रोप क्रमांकाच्या पट्टीशी उभं असेल. दोन-तीन वर्षांनी फेरीला जाल तेव्हा पट्ट्या असलेल्या झाडांकडे फार वेळ बघू नका. त्यांच्या मधल्या जागेत, गुडघ्यांवर बसून, चौकोनी खोडाचं आणि समोरासमोर पानांचं असं एखादं बारीकसं रोप शोधा, ज्याच्याजवळ पट्टीच नाही.